चौथी कात

आवाज थांबला की मला आजही भीती वाटते. पंखा बंद पडला, शेजारची पिठाची चक्की मधेच थांबली, सून भांडी घासता घासता गप्प झाली, की हातातलं काम टाकून मी कान देते. मुलगा म्हणतो, "आई, लाइट गेली फक्त." ते मलाही कळतं. पण ही भीती कानातून येते, आणि ती कानात कधी शिरली ते मला नीट ठाऊक आहे. नागपूरपलीकडे, मध्य प्रदेशातल्या सौसरला, रामाकोन्याच्या रस्त्यावरच्या मावशीच्या मळ्यात, कापूस साठवायच्या खोलीत.

सातवीची परीक्षा दिली आणि निकाल लागायच्या आधीच माझी शाळा सुटली. वडील गेले होते, घरात माझ्या पाठची तिघं होती, आणि वैनगंगेच्या काठचं आमचं गाव असं, की पाऊस बरा झाला तर वर्षाचा भात, नाहीतर अर्ध्या वर्षाचा. आईची चुलत बहीण सौसरकडे दिलेली. तिची एकुलती एक मुलगी लग्न होऊन गेली, हाताशी कोणी नाही, तर सिंधूला पाठव, असा निरोप आला. मामा मला सोडायला आला. नागपूरला गाडी बदलून छोट्या गाडीत बसलो. ती इतकी हळू चालायची की मामा एका स्टेशनवर चहा घ्यायला उतरला आणि सुटलेल्या गाडीबरोबर कप हातात घेऊन चालतच राहिला, तेवढ्यातही मला वाटलं, आता हा राहिला, मी एकटी. आई स्टेशनवर आलीच नव्हती. घराच्या दारात माझी पिशवी हातात देताना म्हणाली होती, "परत येऊ नको असं मी म्हणत नाही. पण परत पाठवतील असं काही करू नको." एवढंच. हे वाक्य मी पुढची कित्येक वर्षं अंगात घातल्यासारखं वागवलं.

मावशीच्या घरी मला कोणी कधी उणं बोललं नाही, हे आधी लिहून ठेवते. उलट तिथं पोटभर मिळायचं, आणि त्याचीच मला भीती वाटायची. सकाळी ज्वारीची भाकर आणि ठेचा, दुपारी तुरीचं घट्ट वरण, कधी वांग्याचं भरीत, कधी कोथिंबिरीची सांबारवडी. तिसरी भाकर मावशी ताटात टाकायची तेव्हा मी मावसाजींच्या तोंडाकडे बघायची. ते आपल्याच तंद्रीत जेवायचे. मला भाताची आठवण यायची, पण सणाशिवाय तिथं भात नसे आणि मागायची माझी छाती नव्हती. एकदा मावशीनं माझ्यापुरता वाटीभर भात शिजवला आणि भाकरीच्या टोपल्यात लपवून दिला. "खाय गुपचूप. भातखाऊ मुलखातली पोरगी तू, भाकरीनं पोट दुखत असंन." मी तो भात खाताना रडले, आणि रडले म्हणून घाबरले.

मावसाजी उंच, वाकलेले, गालात कायम तंबाखूची गोळी. त्यांचा जीव संत्र्यावर. मी गेले तेव्हा उन्हाळा होता आणि संत्र्याची झाडं मरायला टेकली होती. पानं वळून खाली लोंबत होती, विहिरीत पाणी होतं, तरी कोणी झाडाला देत नव्हतं. मला ते बघवेना. विहिरीजवळच्या एका झाडाला मी कोणाला न सांगता दोन घागरी पाणी घातलं. संध्याकाळी मावसाजी त्या झाडापाशी उकिडवे बसलेले दिसले. ओल्या मातीत बोट खुपसून बघत होते. मला हाक मारली. मी चार पावलं अलीकडेच थांबले.

"तू टाकलं पाणी?"

"हो."

"काऊन?"

"मरत होतं."

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "मरून नाही राहिलं थे. ताण देल्ला हाये त्याले. आता जेवढा ताण सोशीन, तेवढा पुढं बहार फुटन. ताण तोडाचा, पाणी सोडाचा दिवस असते पोरी, अन् थो मी ठरोतो. ह्या मळ्यात ताण मीच तोडतो. दुसरं कोणी नाही." त्या वर्षी ते एक झाड बाकीच्यांआधी चार-दोन फुलं दाखवून गप्प झालं. येताजाता ते मला दिसायचं, आणि माझ्याकडे बोट दाखवतंय असं वाटायचं.

मग किडे आले. त्या दिवसांत सरकारी लोक गावोगाव तुती लावायला सांगत होते, आणि मावसाजींनी आदल्या वर्षी विहिरीच्या अंगाला एक तुकडा लावला होता. श्रावणात रेशीम केंद्राचे पटले साहेब लुनावर मागे खोके बांधून आले. बालाघाटकडचे, बोलणं अर्धं हिंदी, अर्धं मराठी. खोक्यात नखाएवढ्या भुऱ्या अळ्या वळवळत होत्या. दोन काती केंद्रावरच टाकून झाल्या होत्या. उरलेल्या दोन आमच्याकडे व्हायच्या, मग त्या कोष विणणार. कात म्हणजे काय ते साहेबांनी मावसाजींना समजावलं होतं, मावसाजींनी ते मनात ठेवलं, आणि मला ते कोणी सांगायचं राहूनच गेलं.

कापसाची खोली चुन्यानं रंगवून घेतली होती. बांबूच्या बारा मोठ्या परड्या घडवंच्यांवर लावल्या, घडवंच्यांच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्या चढू नयेत म्हणून. आत उदबत्ती नाही, बिडी नाही, तंबाखूचा हात नाही. मावसाजी दर खेपेला दाराबाहेर गोळी थुंकायचे, चूळ भरायचे, हात धुवायचे, मग आत. मावशी उंबरठ्याच्या आत पाऊल टाकत नसे. चहा दारातूनच द्यायची, तोंड दुसरीकडे करून. मला वाटायचं, सोवळ्याओवळ्याचं काही असेल. पाला तोडणं, चिरणं, पसरणं हे माझं काम झालं. आणि तो आवाज. हजारो तोंडं एकदम पाला खायला लागली की कोणीतरी कडब्यातून सावकाश चालत जावं असा करकर आवाज खोलीभर व्हायचा. पहिल्या दिवशी तो ऐकून मी बाहेर पळाले होते. चौथ्या दिवशी त्या आवाजावाचून करमेना.

साहेबांनी जाताना एक गोष्ट मला बजावली होती. तुतीची शेवटची ओळ कपाशीला लागून होती. "उस लाइन का पाला मत तोडना बेटा. कपाशीवर फवारणी झाली की त्याचा अंश उडतो. एक पान चुकीचं गेलं तर सगळे किडे खतम." मी मान हलवली. आणि पाचव्या दिवशी सकाळी, पाऊस भुरभुरत होता, चिखल होता, तेव्हा त्या शेवटच्या ओळीतून मी एक ओंजळ, खरंच एक ओंजळ पाला तोडला. मग आठवलं. मग स्वतःला म्हटलं, फवारणी होऊन दिवस झाले, धुऊन गेलं असेल. आणि तो पाला बाकीच्यात मिसळला.

दुपारी खोलीत गेले तर आवाज नव्हता.

ती शांतता मला आजही शब्दांत धरता येत नाही. बारा परड्या भरून पाला तसाच पडलेला, आणि त्यावर सगळ्या अळ्या थांबलेल्या. पुढचं अंग वर उचललेलं, मान ताठ, डोकं हवेत. अंग फुगून चकाकत होतं, कातडी इतकी ताणलेली की आत काहीतरी मावत नाहीये असं वाटावं. त्या फुगीर अंगापुढं डोकं मात्र इवलंसं काळं, लहानपणची टोपी मोठ्या माणसानं घातल्यासारखं. मी एकीला बोट लावलं. हलली नाही. पाल्याला जणू शिवून टाकलेली. मला एकच गोष्ट सुचली: विष. ती एक ओंजळ. आणि त्याच्या पाठोपाठ आईचं वाक्य.

मावसाजी सौसरला फवाऱ्याचा पंप दुरुस्त करायला गेले होते. मावशी कपाशीत निंदायला. मी पळत जाऊन चांगल्या ओळीतला ताजा पाला आणला, रिकाम्या सुपात पसरला, आणि विषाच्या पाल्यावरून एकेक अळी उचलून ताज्या पाल्यावर ठेवायला लागले. त्या सहज सुटत नव्हत्या. पायांनी घट्ट धरून बसल्या होत्या, ओढल्यावर बारीक तुटल्यासारखं बोटाला जाणवायचं. मी रडत होते आणि उचलत होते. तीन परड्या झाल्या. चौथीला हात घातला तेव्हा बाहेर सायकल टेकवल्याचा आवाज आला. सुपातल्या अळ्या पाल्यासकट घाईनं परड्यांत परत ठेवून मी चुलीपाशी जाऊन बसले.

मावसाजी आत जाऊन आले. मी चुलीत काटक्या सारत राहिले. ते मावशीला म्हणाले, "किडे ताणावर बसले. आता हात लावाचा नाही." म्हणजे हे असंच व्हायचं होतं. माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण मला त्या तीन परड्या दिसत होत्या.

दुसऱ्या दिवशी आवाज परत आला. नऊ परड्यांतून. बाकी तिघींमध्ये जे झालं ते मी माझ्या मुलालाही सांगितलेलं नाही, आज लिहिते. काही वाचल्या. पण पुष्कळशा जुन्या कातडीतून अर्ध्याच बाहेर आल्या होत्या. पुढचं अंग नवं, मऊ, फिकं; आणि मागं जुनी कातडी वाळून आवळलेली, बोटात रुतलेल्या अंगठीसारखी. पुढं जायला बघत होत्या आणि जाता येत नव्हतं. संध्याकाळपर्यंत मागचा भाग काळा पडला.

पटले साहेब दोन दिवसांनी आले. मेलेल्या अळ्या मावसाजींनी त्यांना दाखवायला पुड्यात बांधून ठेवल्या होत्या. साहेबांनी खिशातून गोल भिंग काढलं, एक अळी हातावर घेतली, आणि म्हणाले, "ये बिमारी नहीं है भाऊ. यांना कोणीतरी कातीच्या वेळेस उचललं."

मावसाजींनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे. मनात मी तेव्हाच छोट्या गाडीत बसले होते, पिशवी मांडीवर घेऊन. आणि दारातून, उंबरठ्याबाहेरून, मावशीचा आवाज आला.

"म्या उचलल्या."

"तू?" मावसाजी.

"मंग काय. मेल्या वाटल्या मले. फेकाले उचलल्या, मंग परत ठेवल्या."

मावसाजींनी हातातला पुडा खाली ठेवला. मग जे बोलायला लागले ते मोठमोठ्यानं. "एवढी चाळीस वर्षाची बाई तू, इचारता नाही येत? ज्याचं कळत नाही त्याले हात कायले लावते? भेव वाटलं तं हाक माराव, वावरात पळत याव, मी काही खाऊन टाकतो का?" मावशी पदर तोंडाशी धरून ऐकत राहिली. प्रत्येक शब्द माझ्या अंगावर पडत होता. मी बोलले नाही. बोलायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. चौदा वर्षांची होते, हे कारण होऊ शकत नाही. भीती हेच कारण.

साहेबांना वातावरण कळलं असावं. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. "देख. ही नुसती सोडलेली कात आहे." तांदळाच्या टरफलाएवढं चुरगळलेलं काहीतरी त्यांच्या तळहातावर होतं. भिंगातून बघितलं तर त्याला सगळं होतं. पायांची टोकं, अंगावरचे केस, बाजूचे श्वासाचे ठिपके, आणि त्या ठिपक्यांतून आत गेलेले काळे बारीक धागे.

"हे धागे?"

"श्वासाच्या नळ्यांचं अस्तर. ते पण निघतं. घशाचं अस्तर पण. सगळं जुनं ओढून काढावं लागतं." मग ते सावकाश सांगायला लागले, मला आणि दारातल्या मावशीला सारखंच. "आपलं हाड अंदर आहे, वरून मांस. याचं उलटं. खेकडा, विंचू, झिंगा, ही अळी, सगळ्यांचं हाड बाहेर. अळीचं अंगावरचं मऊ आहे, डोक्याचं पक्कं. पण ते आपल्या हाडासारखं वाढत नाही. नखासारखं आहे, अंगातून निघालं आणि वाळलं. आतला जीव वाढतो, बाहेरचं तेवढंच राहतं. मग एक दिवस खाणं बंद. जुन्या कातडीच्या आत नवीन बनते, मोठी, चुण्या पडलेली, घडी करून ठेवल्यासारखी. जुनीचा आतला थर विरघळवून ती स्वतःच पिऊन टाकते, फुकट नाही घालवत. पाय धाग्यानं खाली बांधून घेते. मग डोक्यामागं चीर जाते, आणि त्या बांधलेल्या पायांच्या जोरावर ती पुढं सरकून निघते. म्हणून उचलायचं नाही. गाठ तुटली की ओढायचं कशाच्या जोरावर?"

"दुखत असेल," मी म्हटलं. तीन दिवसांतलं माझं ते पहिलं पुरं वाक्य असावं.

"ते तर तीच सांगू शकते," साहेब म्हणाले. "बाहेर आल्यावर बिलकुल मऊ असते. डोकं पांढरट. तेव्हा पाला दिलास तर कच्च्या तोंडानं कशी खाणार? डोकं भुरं, म्हणजे तपकिरी झालं की जबडा पक्का झाला. तेव्हा द्यायचं. ना आधी, ना बहुत बाद में. भुकेली ठेवली तर पुढं वाढत नाही. घड्याळ नको बघू, डोकं बघ."

मावसाजी लुनाशेजारी उभे राहून तंबाखू मळत होते. त्यांनी किती ऐकलं, मला सांगता येणार नाही.

पुढचे दिवस मी खोलीत पाय न वाजवता वावरले. अळ्या बोटाएवढ्या झाल्या, पांढऱ्या, गार. पाला पुरेना. पोळ्याच्या दिवशी दुपारी पुरणाच्या पोळ्या, कढी आणि वडे खाऊन मावसाजी बैलांच्या मागं गेले आणि मी परड्या बघायला आले, तर आवाज विरळ होत चालला होता. चौथी कात. मावसाजींनी वरून चुन्याची भुकटी चाळून घेतली, अंथरूण कोरडं राहावं म्हणून. दुसऱ्या दिवशी गोटमारीला, नदीच्या दोन काठांवरची गावं एकमेकांवर दगड फेकतात त्या जत्रेला, त्यांच्या बहिणीकडे सावरगावला जायचं होतं. दर वर्षी ते दोघं जायचे, मुक्काम करून यायचे. या वेळी जाऊ नये असं मला वाटत होतं, सांगायची हिंमत नव्हती. निघताना मावसाजी दारात थांबले.

"उद्या बाराच्या गाडीनं येतो. हा मोठा ताण हाये, आखरीचा. लांबला तं चांगलाच. कोश वजनदार होतीन. पाला मी आल्यावर टाकीन. तू फकत मुंग्या पाह्य."

"निघाल्या बाहेर तर?"

"निघू दे. ताण मी तोडतो."

मावशीनं माझ्या गालावरून हात फिरवला. "भेवू नोको. भाकरी टोपल्यात हायेत. अन् भात बी करून ठेवला."

ते गेले. मी घडवंचीशेजारी पाटावर बसून राहिले. दुपारी पहिलीची चीर दिसली. मानेमागं, केसाएवढी. मग ती रुंद झाली आणि आतून ओलसर, पांढुरकं अंग फुगून वर आलं. काळं जुनं डोकं तोंडावरच्या टोपीसारखं पुढं ढकललं गेलं, लोंबलं, आणि गळून पडलं. खाली नवं डोकं, दुप्पट मोठं, दुधासारखं. ती थांबली. दम घेत होती की नाही मला माहीत नाही, पण मी माझा धरून ठेवला होता. मग लाटेसारखी एकेक वळी पुढं सरकली आणि जुनं सगळं मागं राहिलं, पाल्याला चिकटलेलं, मोजा काढून ठेवावा तसं. मोकळी झालेली अळी चुरगळलेली दिसत होती, मापापेक्षा मोठं झबलं घातलेल्या पोरासारखी. मी त्या दिवशी किती वेळ तशी बसले होते कोण जाणे. भीती होतीच. पण तिच्याजवळ दुसरं काहीतरी येऊन बसलं होतं, त्याला मला अजून नाव देता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत जवळजवळ सगळ्या निघाल्या होत्या. मी परडी परडी फिरून डोकी बघितली. आधी पांढरी, मग पिवळसर, आणि उन्हं वर येईतो भुरी. आता त्या थांबेनात. डोकं उचलून डावीकडे उजवीकडे हलवायला लागल्या, कोरड्या पाल्यावरून फिरायला लागल्या, परडीच्या काठावर चढायला लागल्या. मला माहीत होतं त्यांना काय हवंय. आणि मला दिलेलं सांगणंही माहीत होतं. विहिरीजवळचं ते झाड खिडकीतून दिसत होतं.

बाराची गाडी रस्त्यावरून गेली. थांबली नाही. मी फाटकापर्यंत पळत गेले, धूळ खाली बसेतो उभी राहिले. गोटमारीच्या गर्दीत कोणाला दगड लागला असेल का, हे मनात यायला लागलं. मावसाजी तरुणपणी नदीत उतरायचे असं मावशी सांगायची. आता कोण विचारायचं, कुठं विचारायचं? परत खोलीत आले तर एक अळी काठावरून खाली पाण्याच्या वाटीत पडली होती. कोंबडीच्या पिसानं मी तिला बाहेर काढलं. ती पिसाला तोंड लावून बघत होती, खाता येईल का म्हणून.

तेव्हा मी आधी घरात गेले, खुंटीवरची माझी पिशवी काढली, त्यात दोन झगे, एक परकर, आईनं दिलेला आरसा भरला, आणि पिशवी किड्यांच्या खोलीच्या दाराशी ठेवली. मग विळा घेऊन तुतीत गेले. शेवटच्या ओळीकडे पाठ करून शेंड्याचा कोवळा पाला तोडला, कोरडा पुसला, बारीक चिरला, आणि पहिल्या परडीवर पसरला. घाईत अर्धा खाली सांडला. काही झालं नाही. एकही आवाज नाही. मला वाटलं, संपलं, मी पुन्हा चुकले. मग एका कोपऱ्यातून करकर सुरू झाली. मग दुसऱ्या. बारावी परडी भरेपर्यंत खोली पूर्ण बोलायला लागली होती, आणि मी मधे जमिनीवर बसून हुंदके देत होते.

ते दिवस कलताना आले, चालत. गोटमारीनंतर तिकडच्या गाड्या बंद होत्या, बाराची सौसरहूनच सुटलेली; मधल्या फाट्यापर्यंत कोणाच्या तरी ट्रॅक्टरवर आणि तिथून पायी. मावसाजी अंगणातच थांबले. त्यांनी आवाज ऐकला. मी दारात जाऊन उभी राहिले, पाठ चौकटीला लावून.

"मी ताण तोडला," मी म्हटलं. "डोकी भुरी झाली होती. काठावर चढत होत्या. आणि... आधीच्या त्या तीन परड्या पण मीच. मावशीनं नाही उचलल्या. मी. विष गेलं असं वाटलं. शेवटच्या ओळीचा पाला तोडला होता मी." सगळं एका दमात.

मावशी म्हणाली, "अवं, गप."

मावसाजींनी टोपी काढून घाम पुसला. "मले ठाऊक हाये."

"काय?" हे मावशी.

"तू उचलल्या म्हणे!" ते मावशीकडे वळले. "लगन झाल्यापासून भेंडीतली अळी बी मलेच काढाले लावते ही बाई. वांग्यात कीड निंगाली का ताट सोडून पळते. किडे आल्यापासून त्या खोलीचा उंबरठा नाही वलांडला तिनं. थे तीन परड्या उचलन?" मावशीनं पदर तोंडाशी धरला, या वेळी हसू लपवायला. "मी बोललो थे कोणाले बोललो? ज्याले आयकाले पाह्यजे होतं त्यालेच ना?"

मग ते माझ्याकडे बघायला लागले. माझ्या पायाशी असलेल्या पिशवीकडेही. मावशीनं ती उचलली, घरात नेली, आणि खुंटीला अडकवल्याचा आवाज मला ऐकू आला.

"किती वाजता टाकला पाला?"

"बाराची गाडी गेल्यावर."

"सकाळीच टाकाचा होता," मावसाजी म्हणाले. "उगाच माही वाट पाह्यली."

किती कोष निघाले, ते मी सांगत बसत नाही. मी त्या घरून पुढं सात वर्षांनी, लग्न होऊन, पांढुर्ण्याला आले. आता पांढुर्णा जिल्ह्याचं गाव झालं, मावसाजी नाहीत, कापसाच्या त्या खोलीत कोणीतरी मोटारसायकली ठेवतं असं ऐकते. नात शाळेतून झुरळाचं चित्र काढून आणते आणि बाहेरच्या कवचाचं लांबलचक नाव पाठ करते. मी तिला म्हणते, डोकं कधी भुरं होतं ते विचार तुझ्या बाईंना. ती हसते. आवाज थांबला की मी अजून घाबरते, ते काही गेलं नाही.

पण त्या संध्याकाळचं एवढं राहिलं आहे लिहायचं. मावसाजींनी अंगणाच्या कडेला जाऊन तंबाखूची गोळी थुंकली. चूळ भरली. हात धुतले, कोपरापर्यंत, नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग येऊन दाराशी उभे राहिले. मी दारातच होते. त्यांना वाटलं असतं तर ते मला बाजूला करून गेले असते, आजवर तसंच जात होते. पण ते उंबरठ्याबाहेर थांबले, ओले हात अंगापासून दूर धरून.

"येऊ का आत?" त्यांनी मला विचारलं.